यल्लव्वा उभी राहते तिथे

नावाडी मेला तेव्हा उल्काने नियम बदलायचं ठरवलं.

तो मरायला नको होता. तो चौघांना खाडीपलीकडच्या बेटावर नेणार होता आणि वाटेत कुणी नीट विचारलं असतं तर किल्ल्यातल्या कैद्यांविषयी सांगणार होता. उल्काने त्याच्यावर बरीच मेहनत घेतली होती. त्याला खोकला दिला होता, रुसून माहेरी बसलेली मुलगी दिली होती. महांतेशने वीस बाजूंचा फासा टाकला, अठरा पडले आणि नावाडी पाण्यात गेला.

"पण का?" उल्काने विचारलं.

"त्याचे गुण होते की, अक्का," महांतेश म्हणाला. "प्रत्येकाचे असतात, असं तूच म्हणालीस."

ते खरं होतं.

खेळ रविवारी दुपारी चालायचा, महादेवपुऱ्यातल्या उल्काच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. खेळ म्हणजे एक गोष्टच, फक्त ती सगळ्यांनी मिळून सांगायची. उल्का सूत्रधार होती. समोर काय दिसतंय, कोण आलंय, हे ती सांगायची. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र होतं, आणि आपलं पात्र आता काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. कुणाला मारलं की पात्राला अनुभवाचे गुण मिळत. पुरेसे गुण साठले की ते एक पातळी वर चढे, म्हणजे त्याच्या अंगात बळ वाढे आणि जास्त घाव सोसता येत. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, खेळ मराठीत. या कानडी शहरात आठवडाभर ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी बोलून झाल्यावर ती एक दुपार सगळ्यांना हवीशी वाटायची.

उल्का कराडची. हवेतले वायू मोजणारे सेन्सर तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. त्या रात्री भांडी घासताना तिला महांतेशचा राग येईना. मारण्याला गुण ठेवले म्हणून माणसं मारत होती. आकडे तिने स्वतः लिहिले होते, नावाड्यासमोरचासुद्धा.

पुढच्या रविवारी तिने चार वाट्या मांडल्या आणि मधे चिंचोक्यांचा डबा ठेवला. मारण्याचे गुण बंद, असं तिने सांगितलं. आपलं पात्र जसं आहे तसं कुणी वागलं, बोललं, की ती त्याच्या वाटीत एक चिंचोका टाकणार. वाटीत पुरेसे जमले की पातळी वर.

"म्हणजे नाटक करायचं," वेदांत म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला.

वेदांत पुण्याचा. कॉलेजात एकांकिका स्पर्धांमध्ये दर वर्षी काम केलेला. त्याचं पात्र होतं सरदार उग्रसेन, ज्याच्या धाकट्या भावाला किल्लेदाराने दगा देऊन मारलं होतं. नव्या नियमाने वेदांत खुलला. उग्रसेन भावाच्या तलवारीला हात लावून शपथ घ्यायचा, मेलेल्या शत्रूला नमस्कार करायचा, आणि सहाव्या मजल्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या आयटी पार्कच्या काचांकडे अशा नजरेने बघायचा की बाकीच्यांनाही तिथे समुद्र दिसावा. त्याची बायको स्वानंदी, मूळची नागपूरची, कुणावरही विश्वास न ठेवणारी जादूगारीण मंजुळा खेळायची. महांतेश बेळगावचा, एका बँकेत नोकरीला. त्याचा भैरव वैद्य लोभी होता आणि जखमीची नाडी बघायच्या आधी दक्षिणा विचारायचा. हसून हसून टेबल हलायचं. नावाडी मारण्याचे दिवस संपले. उल्काला वाटलं, जमलं.

चौथी शिवलीला. ती निपाणीची, कोरमंगलात पीजीमध्ये राहायची आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. उल्काला ती महाराष्ट्र मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात भेटली होती. दोघी मागच्या रांगेत बसल्या होत्या, उल्काच्या पिशवीतून फासा खाली पडला आणि शिवलीलाने तो उचलून त्याच्या बाजू मोजायला सुरुवात केली. हा रविवारचा खेळ तिथून सुरू झाला, बाकीचे नंतर आले. शिवलीलाचं पात्र ढाल घेऊन लढणारी एक बाई होती, यल्लव्वा. पहिल्या दिवशी तिच्याविषयी शिवलीलाने एवढंच सांगितलं होतं: "ती एका लढाईतून पळून आलीया. तिच्या बरोबरची माणसं तिथंच राहिली."

वाट्या मांडल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी चौघं एका गढीच्या दरवाजाशी पोचली. आत पहारेकरी होता. शिवलीला म्हणाली, "मी बोलते त्याच्याशी." आणि यल्लव्वा बोलली, "अण्णा, स्वल्प दार उघड की. पोरं दमल्यात. सकाळधरनं चालायलोय आम्ही."

"यल्लव्वा," वेदांत म्हणाला, "गढी आहे ती. रिक्षा ठरवतेस का?"

सगळे हसले. शिवलीलाही हसली. उल्काच्या बोटांत चिंचोका होता. ती हसू आवरत होती तेवढ्यात वेदांत उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "द्वारपाला, आम्ही वैरी नव्हे. वादळाने झोडपलेले पांथस्थ आहोत. तुझ्या उंबऱ्याबाहेर आमचे प्राण गेले तर ते पाप हा दरवाजा विसरणार नाही." पहारेकऱ्याने दार उघडलं. चिंचोका वेदांतच्या वाटीत पडला.

त्यानंतर यल्लव्वा बोलली नाही. शिवलीलाची पाळी आली की ती टेबलावरच्या चौकोनांच्या नकाशावरचं आपल्या पात्राचं बटण, शर्टाचं हिरवं बटण, उचलायची आणि दुसऱ्या चौकोनात ठेवायची. "मी इथे उभी राहते," असं म्हणायची. फासा टाकायची. झालं.

बाकीची तिघं भराभर वर चढली. यल्लव्वा खालीच राहिली, आणि त्याचा परिणाम लढायांत दिसायला लागला. तिघांना ओरखडा काढणारा घाव तिला आडवी करायचा. मग भैरव वैद्याने तिच्यावर औषध खर्च करायचं, मंजुळाने तिच्याभोवती जादूचं कडं धरायचं. कुणी तक्रार करत नव्हतं. "तू मागे राहा गं, आम्ही बघतो," असं स्वानंदी प्रेमाने म्हणायची.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी शिवलीलाचा निरोप आला. अक्का, येत्या रविवारी येते. त्यानंतर नाही जमणार. लांब पडतं.

उल्काने तो दुपारच्या चहाच्या वेळी वाचला. कोरमंगला ते महादेवपुरा लांब होतंच, पण ते कालही तेवढंच लांब होतं, आणि शिवलीला दीड वर्ष दोन बस बदलून, सगळ्यांच्या आधी येऊन, नकाशा पसरायला मदत करत आली होती. घरी गेल्यावर उल्काने तिला फोन लावला.

"लांब पडतं हे सोड, खरं कारण सांग," ती म्हणाली.

मागे पीजीतल्या कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबल्यावर शिवलीला म्हणाली, "रिकामी वाटी पुढ्यात घेऊन बसायचं, आणि लढाईत सगळ्यांनी मला सांभाळायचं. मला मजा येईना झालीय, अक्का."

"पण तू बोलतच नाहीस काही."

"बोलत नाही. खेळते की."

"शिवलीला, मी तुला असेच देऊ शकते थोडे. मागचे धरून."

"नको. ते तर आणखी वाईट." मग ती जरा हसली. "रविवारी येते ना. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणते. वेदांतला सांग, मिरची त्याच्या बेताची घालते."

फोन ठेवल्यावर उल्का त्या एका वाक्यापाशी अडली. बोलत नाही, खेळते की.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एका कारखान्याने परत पाठवलेला सेन्सर तिच्या टेबलावर आला. तक्रार होती की तो कायम शून्य दाखवतो. तिने तपासला. सेन्सर उत्तम होता. तो कार्बन मोनॉक्साइडसाठी बनवलेला होता आणि त्यांनी तो अमोनियाच्या टाकीजवळ लावला होता. असं वर्षात दोन-चारदा व्हायचं, आणि प्रत्येक वेळी ती तेच उत्तर टाइप करायची: शून्य याचा अर्थ तिथे काही नाही असा नव्हे. त्या दिवशी ते वाक्य लिहून झाल्यावर तिचा हात कीबोर्डवरच राहिला.

तिने चिंचोके कशाला दिले होते? कुणी काही बोललं, तिला ऐकू आलं, बरं वाटलं, की वाटीत चिंचोका. पात्र बदलतंय का, हे तिने मोजलंच नव्हतं. यल्लव्वाने गेल्या वर्षभरात काय केलं, हे तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला जवळजवळ काही आठवेना. तिने ठरवलं की या रविवारी ऐकायचं कमी आणि बघायचं जास्त.

रविवारी शिवलीला नेहमीसारखी आधी आली. गिरमिटाचा डबा ओट्यावर ठेवून तिने नकाशाची दोन टोकं धरली. ती सोडून जाणार हे तिने बाकीच्यांना सांगितलं नव्हतं, उल्कानेही नाही.

गोष्ट बेटावरच्या किल्ल्यात येऊन ठेपली होती. मिठागरात राबवायला धरून आणलेली माणसं चौघांनी कोठडीतून सोडवली होती आणि आता ती खडकातल्या जिन्याने खाली, होडीपर्यंत न्यायची होती. म्हातारी माणसं, लहान मुलं, हळूहळू उतरणारी रांग. वरून किल्लेदार आपले शिपाई घेऊन येत होता. जिन्याचं वरचं तोंड अरुंद होतं. तिथे कुणीतरी थांबलं तर वेळ मिळणार होता.

"अखेर," वेदांत उग्रसेनच्या आवाजात म्हणाला, "अखेर तो समोर आला. बंधो, आज तुझं ऋण—"

"एक मिनिट," उल्का म्हणाली. "आधी शिवलीलाची पाळी."

शिवलीलाने हिरवं बटण उचललं. रांगेतल्या कैद्यांवरून, भैरव वैद्यावरून, मंजुळावरून ते पुढे नेलं आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. सगळ्यांच्या पुढे.

"मी इथे उभी राहते."

"अगं, तिथे नको," स्वानंदी म्हणाली. "दोन घावांत जाशील तू. तुझी पातळी बघ ना."

"माहीत आहे."

महांतेश नकाशावर वाकला. "काय गंमत आहे बघा," तो म्हणाला. "ही बाई कायम दाराजवळ असायची. आठवतंय? कुठल्याही खोलीत शिरलो की हिचं बटण दाराला चिकटलेलं. मी म्हणायचो, पळायला बरं पडतं म्हणून असेल."

"ते सुरुवातीला," स्वानंदी म्हणाली. "गुहेत नव्हती दाराशी. गुहेत मधे होती, त्या दोन मेंढपाळ पोरांजवळ. मला आठवतं, कारण मी जादूचं कडं टाकलं तर तिघंही आत आले होते."

"आणि पडक्या देवळात?" महांतेशने डोकं खाजवलं. "देवळात माझा भैरव बेशुद्ध होता. शुद्धीवर आलो तेव्हा ही शेजारी होती. ढाल माझ्यावर धरून. मला वाटलं, चुकून तिथं राहिली असेल."

उल्का मनात एकेक जागा जोडत गेली. दार, मग गुहेचा मध्य, मग जखमी माणसाची बाजू, आणि आज हे तोंड. सगळं तिच्या समोरच्या टेबलावर घडलं होतं, दर रविवारी, एकेका चौकोनाने.

वेदांतने शिवलीलाकडे बघितलं. "म्हणजे हे तू ठरवून करत होतीस?"

"मग काय, बटण आपोआप सरकतं?"

स्वानंदी खुदकन हसली.

"मी खेळ थांबवतेय थोडा," उल्का म्हणाली. "चहा टाकते. पण आधी एक सांगायचंय. चिंचोक्यांचा नियम चुकला. मी बोलण्याला देत गेले. आजपासून मी देणार नाही, तुम्हीच एकमेकांना द्यायचे. स्वतःला नाही. समोरच्याचं पात्र पहिल्या दिवशी जे करू शकलं नसतं, ते त्याने केलं असेल तर. काय केलं ते सांगायचं आणि मग टाकायचा."

"लढाईच्या मधेच?" वेदांत म्हणाला.

"लढाईच्या मधेच."

स्वानंदीने डब्यातून मूठ भरली. "गुहेसाठी," म्हणत एक चिंचोका शिवलीलाच्या वाटीत टाकला. महांतेशने देवळासाठी टाकला. मग दोघांना आणखी आठवायला लागलं, एकमेकांचं बोलणं तोडत. ती विहीर, जिथे सगळ्यांसाठी दोर धरून यल्लव्वा सर्वांत शेवटी उतरली. तो बाजार, जिथे ती पहिल्यांदा गर्दीकडे पाठ करून बसली. वाटीचा आवाज होत राहिला, तोवर उल्काने चहाचं पाणी चढवलं.

शिवलीलाने वाटीवर हात ठेवला.

"मी जाणार म्हणून करतीस का हे, अक्का?"

"जाणार म्हणजे?" महांतेशने विचारलं. "कुठं जाणार?"

"आज शेवटचं आलेय मी."

चहाचं पाणी उकळत होतं ते उल्काने जाऊन बंद केलं आणि परत येऊन बसली.

"तू जाणार म्हणालीस म्हणून माझं लक्ष गेलं," ती म्हणाली. "ते खरं आहे. पण नियम चूक होता. तू राहिलीस तरी चूक, गेलीस तरी चूक. तू नसतीस तरी तो चूकच राहिला असता. फक्त मला ते कळलं नसतं."

शिवलीलाने हात काढला नाही.

"पण का जातेयस?" वेदांतने विचारलं. त्याच्या आवाजात आता सरदार नव्हता. "आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असं नाही रे." ती हिरव्या बटणाकडे बघत म्हणाली, "त्या पहारेकऱ्याच्या वेळी तू म्हणालास ना, रिक्षा ठरवतेस का. मीपण हसले. चांगला होता विनोद. पण मग यल्लव्वा काही बोलायला लागली की मला आपली रिक्षाच दिसायची. मीटरवर नाही येणार म्हणणारी."

महांतेश हसला आणि लगेच थांबला.

"मी असं म्हणालो?" वेदांतने स्वानंदीकडे बघितलं.

"म्हणालास. आणि मग मोठ्ठं भाषण ठोकलंस. द्वारपाला, फलाणा, ढेकाणा."

"मला आठवतच नाही."

"तुला काहून आठवेल? तुला तर चिंचोका मिळाला होता."

वेदांतने मान खाली घातली. तो म्हणाला, "आमच्या एकांकिकांमध्ये गावाकडचं माणूस असं बोललं की ते हसण्यासाठीच असायचं. सवयच लागली. सॉरी, शिवलीला."

"सरी, ठीक आहे, सोड." तिने वाटीवरचा हात उचलला. "बरं, मीपण देऊ का कुणाला?"

"दे ना."

तिला विचार करावा लागला नाही. तिने महांतेशच्या वाटीत एक टाकला. "मागच्या वेळी कोठडीतल्या त्या म्हातारीला भैरवने शेवटची मात्रा दिली. आणि दक्षिणा मागायची विसरला."

"विसरलो नाही," महांतेश म्हणाला. "मुद्दाम मागितली नाही."

"माहीत आहे मला. पण तू कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच जोक मारलास."

महांतेशने वाटीकडे बघितलं आणि कानाची पाळी चोळली. शिवलीलाने स्वानंदीला दिला, कारण मंजुळा आता झोपताना दाराला जादूचं कुलूप लावत नव्हती. ते स्वानंदीच्याही लक्षात आलं नव्हतं. "अरे हो," ती म्हणाली, "मी कधी बंद केलं ते?"

"आणि मी?" वेदांतने वाटी पुढे सरकवली. तो हसत होता, पण वाटी खरंच सरकवली होती.

शिवलीलाने चिंचोका बोटांत फिरवला. "तू बोलतोस छान. मी रूमवर जाऊन दादाला तुझी वाक्यं म्हणून दाखवते फोनवर. पण उग्रसेन पहिल्या दिवशी भावाचा सूड घेणार होता. अजून घेणारच आहे."

"घरी पण असंच आहे," स्वानंदी म्हणाली. "गीझर दुरुस्त करणारच आहे."

सगळे हसले, वेदांतही. पण त्याने वाटी परत ओढून घेतली नाही, आणि तिच्याकडे बघतच राहिला. चहा आला, गिरमिट आलं. मिरची त्याच्या बेताची नव्हतीच. तो डोळे पुसत खात होता.

चहानंतर उल्काने यल्लव्वाची वाटी बघितली. ती बाकीच्यांच्या बरोबरीला आली नव्हती, पण एक पातळी चढायला तेवढे पुरेसे होते. तिने ते सांगितलं आणि आणखी काही वाढवून दिलं नाही. शिवलीलाने मान हलवली आणि आपल्या कागदावर प्राणांचा, म्हणजे किती घाव सोसता येतील त्याचा, आकडा खोडून नवा लिहिला.

"शिपाई आले," उल्का म्हणाली. "फासा मी सगळ्यांसमोर टाकणार आहे, आडोशाने नाही. जे पडेल ते पडेल."

पहिला घाव ढालीवर बसला. दुसरा खांद्यावर. जुन्या पातळीवर यल्लव्वा त्यानेच खाली पडली असती. आता तिच्यात थोडा जीव होता. मागे जिन्यावर रांग उतरत होती. महांतेशचा भैरव एका मुलाला खांद्यावर घेऊन निघाला, स्वानंदीच्या मंजुळाने पायऱ्यांवर उजेड धरला. यल्लव्वाजवळ कुणी नव्हतं.

"वेदांत," उल्का म्हणाली. "तुला किल्लेदार दिसतोय. तो शिपायांच्या मागे आहे, आणि त्याला कळून चुकलंय की कैदी गेले. तो तटावरच्या चोरदरवाजाकडे पळतोय. तू आत्ता डावीकडून धावलास तर तो सापडेल. नंतर नाही सापडणार."

या क्षणासाठी वेदांत वर्षभर शपथा घेत आला होता. त्याने उग्रसेनच्या पितळी बटणावर बोट ठेवलं. सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. त्याने एकदा चोरदरवाजाच्या चौकोनाकडे बघितलं, एकदा जिन्याच्या तोंडाकडे. मग त्याने बटण सरकवलं आणि ते हिरव्या बटणाच्या शेजारी, त्याला टेकून ठेवलं.

"मी इथे उभा राहतो," तो म्हणाला.

उल्काने फासा टाकला. तीन शिपाई आले आणि दोघांनी मिळून ते अडवले. यल्लव्वाचे दोन प्राण उरले. तटावर एक दार उघडून बंद झाल्याचा आवाज झाला, असं उल्काने सांगितलं.

शिवलीला आपल्या बटणाकडे बघत होती. ओठ हलवून तिने आधी मनात म्हणून बघितलं असावं. मग यल्लव्वा बोलली, "सरदार, तुमचा तो माणूस पळाला की."

"पळू दे," उग्रसेन म्हणाला.

"भावाला काय सांगशिला?"

वेदांतकडे वाक्यं नव्हती असं नाही, पण त्यातलं कुठलंच तो उचलत नव्हता. "सांगेन," तो शेवटी म्हणाला, "की माझ्या शेजारी एक बाई एकटी उभी होती."

"एकटी कुठली," यल्लव्वा म्हणाली. "ढाल हाय की. जरा अंगाला अंग लावून उभं ऱ्हावा, म्हंजे दोघांवर पुरंल."

कुणी हसलं नाही. स्वानंदीने टेबलाखाली पाय वर घेतले होते आणि हनुवटी गुडघ्यावर टेकवली होती. महांतेशच्या हातात त्याचा फासा तसाच होता, पाळी त्याची असूनही. चिंचोक्यांचा डबा मधे उघडा होता आणि कुणालाच तो आठवला नाही.

लढाई संपली नाही. शिपायांची दुसरी तुकडी वरून उतरत असताना शिवलीलाने घड्याळ बघितलं. तिची बस चुकली असती. ती उठली, रिकामा डबा पिशवीत घातला, आणि दारात चपला घालायला वाकली. बाकीचे खुर्च्यांवरच होते. कुणीही राहा म्हणालं नाही, कारण म्हटलं तर ती अवघडेल हे सगळ्यांना कळत होतं. उल्का तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेली.

लिफ्ट वरून येत होती. शिवलीला पिशवीचा बंद खांद्यावर नीट करत राहिली.

"पुढच्या रविवारी दादाने घेतलेल्या जागेची पूजा आहे, देवनहळ्ळीला," ती म्हणाली. "तिकडनं यायला मला चार वाजतील. साडेचार धर."

उल्काने मान हलवली.

"तोवर त्यांना काहीही खेळायला दे," शिवलीला म्हणाली. "मुलांना होडीत बसवा, म्हाताऱ्यांना पाणी द्या. पण शिपाई खाली उतरवू नकोस. आणि मी आल्याशिवाय होडी सोडू नका."

"नाही सोडत."

लिफ्टचं दार उघडलं. आत किराण्याची मोठी पिशवी घेतलेला वरच्या मजल्यावरचा माणूस होता. त्याला "स्वल्प जागा कोडी" म्हणत, थोडी जागा मागत शिवलीला आत शिरली, आणि दार बंद झालं.

उल्का घरात आली तेव्हा वेदांत कपबशा विसळत होता आणि महांतेश नकाशाची घडी घालायला उठला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "हात लावू नका त्याला."

टेबल घरात एकच होतं. तो आठवडाभर उल्का ओट्याजवळ उभी राहून जेवली.